धूर गेला, निखाऱ्याचं काय?

पौष लागला की आपल्या सावंगीत पहाटे बोटं वळत नाहीत. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, रात्री घमेल्यात निखारे घेऊन सगळे शेकतात. म्हणून आज आम्ही चुलीची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या शेजारचीच आहे, वर्ध्याच्या मगनवाडीतली.

१९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिलं. मगनलाल गांधींच्या आठवणीत त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. जे. सी. कुमारप्पा संघाचं काम पाहत. घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांच्यासोबत तिथे स्वयंपाकघराचाही विचार झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास तिथूनच मगन चूल पुढे आली. मातीचीच चूल, पण एका जाळावर एकाहून जास्त भांडी आणि धूर नळीवाटे घराबाहेर.

पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. कित्येक घरी धुराडी बसली. पण जिथे नळीतली काजळी कोणी काढली नाही, तिथे धूर पुन्हा घरातच फिरू लागला. चूल बांधली की काम संपलं असं नाही. धुराडं झाडावंच लागतं.

आता खरी काळजीची गोष्ट. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण त्याला ओळखतो. निखारा धुपत नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तोच घेतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची रीत जुनी आहे. आपल्या आज्या वेड्या नव्हत्या. त्यांच्या घरावर कवेलू होते आणि फटीफटीतून हवा खेळत होती. तरी धोका होताच. आता वर स्लॅब, खिडकीला काच, थंडी येऊ नये म्हणून दाराखाली पोतं. शेगडी तीच, पण घर बदललं. त्या कोंडलेल्या खोलीत बाळ आणि बाळंतीण निजलेली असते.

म्हणून आमच्या गटाने ठरवलं आहे, तुम्हीही ठरवा. खोलीत विस्तव असेल तोवर दार किंवा खिडकी उघडी ठेवायची. निजण्याआधी शेगडी, घमेलं अंगणात न्यायचं. बाळंतिणीला ऊब गोधडीने, गरम कपड्याने द्यायची. पऱ्हाट्या, लाकडं वाळलेलीच जाळायची. प्लास्टिक नाही, जाळावर रॉकेल नाही. पदर खोचून बसायचं. राख पाणी मारूनच उकिरड्यावर टाकायची, आत इंगळ लपलेला असतो.

शेकताना डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, तर थंडी बाधली म्हणून पांघरूण ओढू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, दारं उघडा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना निखाऱ्याचं आवर्जून सांगा.

मगनवाडीने धुराला वाट करून दिली. थंडीच्या भीतीने ती वाट आपण बुजवू नये, एवढंच आमचं सांगणं.