गावाची संमती : पांढरीपासून ग्रामसभेपर्यंत

‘गावाने ठरवले’ असे आपण सहज बोलून जातो. पण वाचकहो, गाव म्हणजे नेमके कोण? ज्यांच्या नावावर जमिनी आहेत ते? चावडीवर ज्यांना बसायला जागा मिळते ते? की गावात ज्यांची म्हणून चूल पेटते ते सगळे? बीड जिल्ह्याच्या खेड्यांपुढे हा प्रश्न शतकानुशतके उभा आहे आणि प्रत्येक काळाने त्याचे उत्तर वेगळे दिले आहे.

आपल्या जुन्या भाषेत शिवाराला काळी म्हणत आणि वस्तीला पांढरी. वतनाचा तंटा असो की शिवेचा, पांढरी गोळा होई, गोत बसे आणि निवाडा लिहिला जाई. त्या कागदाला महजर म्हणत. असे महजर आजही दप्तरांत पाहायला मिळतात. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असते, आणि बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची खूण करतात. अक्षरओळख नसलेल्या माणसाचीही साक्ष कागदावर उमटे, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु या पांढरीचे गुणगान करताना एक विसरू नये. तिथे माणसाला जागा मिळे ती वतनाच्या आणि जातीच्या नात्याने. मिरासदाराचा शब्द चाले. बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्या उपऱ्याला तो मान नसे. पंचांच्या रांगेत बाई नसे. महाराची खूण कागदावर असली, तरी त्याला बसायला जागा वेगळी आणि दूर. सभा गावाची होती खरी, पण सगळा गाव त्या सभेत नव्हता.

पुढे निजामी अमलात ही जुनी वीणही सैल झाली. 1865 साली सालारजंगाने जिल्हाबंदी केली. जिल्ह्याचा अधिकारी अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली तहसीलदार, अशी उतरंड लागली. कचेरीची भाषा उर्दू. शेतकऱ्याच्या दारी जो हुकूम येई, तो वाचायलाच दुसरा माणूस शोधावा लागे. मग त्यावर मत देणे तर दूरच! जहागिरीतल्या गावांची तऱ्हा आणखी निराळी. तिथे सरकार म्हणजे जहागीरदार.

जबाबदार राज्यपद्धतीची मागणी मराठवाड्यात उठली ती या पार्श्वभूमीवर. 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. आपल्या जिल्ह्याचा यातला वाटा मोठा. अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अग्रणी झाले. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्य आपले झाले. आता गावाचा कारभार गावाचा व्हायचा होता.

1958 चा ग्रामपंचायत कायदा आला. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद, असे त्यात सांगितले. वतन नको, जमीन नको, जात पाहायची नाही. पांढरीच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. तरीही त्या काळी ग्रामसभेचे काम मुख्यतः ऐकण्याचे. वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवावा, झाल्या कामाचा अहवाल सांगावा, लोकांनी माना डोलवाव्यात आणि घरी जावे.

यात खरा बदल झाला तो 73 व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे 1993 पासून. गावाच्या विकासाचा आराखडा ग्रामसभेने मंजूर केल्यावाचून पंचायतीने कामाला हात घालू नये, सरकारी योजनांचे लाभार्थी ग्रामसभेत निवडावेत, अशी तरतूद झाली. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा भरवावी, असेही पुढे ठरले. वर्षाला किमान चार सभा घ्यायच्या. सरपंचाने सबळ कारणावाचून सभा टाळली, तर त्याचे पद जाऊ शकते. 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कागदावर याहून अधिक काय मागावे?

आता बीडची गोष्ट पाहा. प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधीजयंती या दिवशी ग्रामसभा घेण्याचा प्रघात आहे. इकडे दसरा उलटला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कुणी कर्नाटकात. धारूर, केज, पाटोदा, शिरूर, वडवणी या भागांतल्या वाड्या आणि तांडे ओस पडतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि काही पोरे. ही मंडळी परततात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे 26 जानेवारीच्या सभेला गावातला कष्टकरी उसाच्या फडात असतो. आणि गावाचा आराखडा तर गांधीजयंतीच्या सुमारास हाती घेऊन हिवाळ्यात पुरा करतात! रोजगार हमीचे कोणते काम काढायचे, बंधारा कुठे घालायचा, घरकुल कुणाला द्यायचे, हे ठरते त्याच दिवसांत. ज्याला गावातच काम मिळाले असते तर फडावर जावे लागले नसते, तोच माणूस गावातले काम ठरवायला हजर नसतो.

यावर कुणी म्हणेल, सभेला गणपूर्ती लागते ना? लागते. एकूण मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. पण तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीचे बंधन नसते. मग दहा-वीस माणसे बसतात, वहीवर सह्या होतात आणि ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर होतो. महजरावरच्या नांगराच्या निशाणीमागे निदान समोर बसलेला माणूस होता.

हे असेच चालायचे का? शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारने 1990 नंतर दुष्काळातून वाट काढली ती ग्रामसभेच्या बळावर. पाऊस किती पडला ते मोजायचे, पाणी किती ते मांडायचे आणि मग पीक ठरवायचे. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस नको, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. असले नियम वरच्या हुकमाने टिकत नाहीत. ज्यांना ते पाळायचे, त्यांनीच ते केले तर टिकतात. स्वित्झर्लंडच्या आपेनझेल भागात आजही वसंतऋतूत लोक चौकात जमून हात वर करून कायदे ठरवतात. तिथेही न्यायालयाने बजावेपर्यंत, म्हणजे 1990 पर्यंत, बायकांना हात वर करण्याचा अधिकार नव्हता. तेव्हा सभा जुनी असली म्हणजे ती सगळ्यांची असते, असे नव्हे.

बीडच्या गावांना करता येण्याजोगी गोष्ट सोपी आहे. कायद्यातल्या चार सभा ही किमान संख्या आहे, कमाल नव्हे. सरपंचाला आपणहून केव्हाही ग्रामसभा बोलावता येते. गाड्या निघण्यापूर्वी, भाद्रपदात, एक सभा आराखड्यासाठी घ्यावी. आणि फडावरून माणसे परतल्यावर, चैत्र-वैशाखात, दुसरी घ्यावी ती हिशेबासाठी. तांड्यावरच्या बायांची सभा तांड्यावरच भरवावी. गावाची तारीख गावाच्या पंचांगाने ठरावी.

वाचकहो, आपल्या गावची पुढची ग्रामसभा केव्हा आहे, याची चौकशी करा. तिथे गेलात की कोण आले आहे ते पाहाच. पण कोण आले नाही, हे आधी विचारा. ज्यांना तो ठराव भोगायचा आहे, ते सभेत नसतील तर त्याला गावाचा निर्णय म्हणता येणार नाही.