नगरच्या कन्याशाळा आणि त्यांतून बाहेर पडलेल्या मुली

आपल्या माळी समाजाच्या या वार्षिक स्मरणिकेत सावित्रीबाई फुले यांच्याविषयी एखादा तरी लेख असावा, असा आता प्रघातच पडून गेला आहे, आणि तो सर्वस्वी योग्य आहे. ज्या समाजात जोतीराव व सावित्रीबाई जन्मास आली, त्या समाजाने त्यांचे स्मरण केले नाही तर ते कोणी करावयाचे? तथापि या विषयावरील लेख पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट आमच्या मनाला सतत टोचत आली आहे. शाळा कोणी काढली, कोणत्या साली काढली, विरोध कोणी केला, हे सर्व आपण आवर्जून लिहितो. परंतु त्या शाळेत जाऊन बसलेल्या मुलींचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शाळेचे फळ म्हणजे तिच्या विद्यार्थ्यांचे आयुष्य होय. ते फळ न पाहता केवळ झाड लावणाऱ्याचे गुणवर्णन करणे बागाईतदार समाजाला तरी शोभणारे नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यापासूनच आरंभ करून या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे योजिले आहे.

जो जिल्हा आम्ही जन्मभर नगर म्हणत आलो आणि २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्याचा स्त्रीशिक्षणाशी संबंध जुना आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर लिहावाचावयास शिकलेल्या होत्या. परंतु ते शिक्षण शाळेतले नव्हे. मुलींच्या शाळांची हकीकत अमेरिकन मराठी मिशनपासून सुरू होते. या मिशनने १८३१ साली नगरास आपले ठाणे मांडले. मिस सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईस आली, तेथे काही वर्षे तिने मुलींच्या शाळांचे काम पाहिले आणि १८३९ पासून ती नगरास राहिली. १८६२ साली नगरासच तिचा अंत झाला. म्हणजे आयुष्याची सुमारे बावीस वर्षे तिने या एका गावातील मुलींना अक्षरे शिकविण्यात घालविली.

धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता आणि त्याविषयी लोकांच्या मनात शंका होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या काळी सरकारी खाते मुलींच्या शिक्षणाकडे वळले नव्हते, आणि आपल्या लोकांनी तर ते मनावरच घेतले नव्हते, हेही तितकेच खरे. जोतीराव आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह नगरास आले, तेव्हा त्यांनी मिस फरार यांच्या शाळा पाहिल्या. मुलींना ज्या रीतीने शिकविले जात होते ते पाहून त्यांना समाधान वाटले व पुण्यास परतल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली, असे त्यांच्याच मुखातून आलेले निवेदन 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात छापलेले आहे. हे 'ज्ञानोदय' पत्रही १८४२ साली नगरासच निघाले होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण प्रथम नगरास मिस फरार यांच्याकडे आणि मग पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुण्याच्या भिडे वाड्यात १८४८ साली जो दिवा लागला, त्याची वात नगरास वळली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या मुली पाहून जोतीरावांना समाधान वाटले, त्या मुली कोण होत्या? कोणत्या गल्लीतल्या, कोणाच्या लेकी? वाचावयास शिकून त्यांनी पुढे काय वाचले? मिशनची वृत्ते समुद्रापार बॉस्टनला जात व तेथे छापली जात. ती वृत्ते लिहिणाऱ्यांपुढे देणगीदार होते, आणि देणगीदाराला शाळा किती व पटावर मुली किती एवढे कळले म्हणजे पुरे. पुण्याच्या शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या सहा मुलींची नावे चरित्रग्रंथांत दिली जातात. नावापुढे मात्र पूर्णविराम पडतो. ज्यांच्यासाठी सावित्रीबाईंनी शेणमातीचा मारा सोसला, त्यांचा वृत्तांत एवढाच उरावा, हे मनाला लागण्यासारखे आहे.

या अंधारात एक-दोन ठिणग्या तेवढ्या दिसतात. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत 'ज्ञानोदया'त दोन भागांत प्रसिद्ध झाला. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, ही गोष्ट त्या निबंधापूर्वी छापील मराठीत कोणी मांडली होती? ती मुलगी जेमतेम तीन वर्षे शिकलेली. तिने लेखणी उचलली म्हणून आज तिचे नाव आहे. परंतु निबंधानंतरची तिची पाने इतिहासाने जपली नाहीत. फातिमा शेख यांचे तर नाव टिकले ते सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रामुळे. आजारपणामुळे माहेरी राहिलेल्या सावित्रीबाईंना, आपल्यामागे कामाचा भार फातिमेवर पडला असेल, याची काळजी वाटते. त्या एका उल्लेखावर एका स्त्रीची सारी कीर्ती उभी आहे. पत्र गहाळ झाले असते तर फातिमाही गहाळ झाल्या असत्या.

असे का घडले, याची कारणे शोधू गेल्यास ती फार दूर नाहीत. पहिले कारण बालविवाह. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की शाळा सुटे ती कायमची. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला, त्याने मर्यादा दहावरून बारावर नेली; शारदा कायद्याने १९२९ साली मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेसुद्धा मुलीला सातवीपर्यंत शिकण्याची उसंत मिळण्यास विसाव्या शतकाचे तिसरे दशक सरत यावे लागले. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून तिचे स्वतःचे नावही बदलून टाकतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सातबाराच्या उताऱ्यावर दुसरे. पूर्वीच्या कागदांत तर 'अमुक कोम तमुक' एवढीच तिची ओळख असे. हजेरीपटातील मुलगी आणि सासरच्या घरातील सून ही एकच व्यक्ती आहे, हे सांगणारा कागदच कोठे नसतो. मुलाची शाळा सुटली तरी त्याचे नाव सुटत नाही. मुलीची शाळा आणि नाव ही दोन्ही बरोबरच सुटतात.

याच्या उलट, जिने स्वतःची हकीकत स्वतः लिहिली ती नावे बदलूनही हरवली नाही. देवरुखच्या जोशांची गोदू लग्नानंतर नातूंकडे गेली, बालपणीच विधवा झाली, १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी झाली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. एका जन्मात इतकी नावे. तरी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र १९४४ साली प्रसिद्ध झाल्यामुळे शारदा सदनाची ही विद्यार्थिनी आज आपल्याला घरच्या माणसासारखी ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण आहे. त्यांना नियमित शाळा लाभली नाही. परंतु नगर-राहुरीकडील त्या काळचे जीवन जाणून घ्यावयाचे झाल्यास आजही 'स्मृतिचित्रे' उघडावी लागतात. ज्या नगरात मिस फरार यांनी दोन तपे शाळा चालविल्या, तेथील जीवन शाळेबाहेर शिकलेल्या स्त्रीने लिहून ठेवावे, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

हे सर्व दुसऱ्यांचे दोष झाले. आता आपल्या घराकडे पाहू. या लेखाच्या निमित्ताने आम्ही आपल्याच समाजाच्या जुन्या स्मरणिका चाळल्या. त्यांत कुटुंब-परिचयाची पाने आहेत. मुलांची नावे पूर्ण, पदव्या पूर्ण, नोकरीचे ठिकाणही दिलेले. मुलींच्या बाबतीत मात्र 'कन्या तीन, तिन्ही विवाहित' अशी ओळ ठिकठिकाणी आढळते. पहिल्या पानावर सावित्रीबाईंचे चित्र आणि आतल्या पानावर ही ओळ! बॉस्टनला पाठविलेल्या वृत्तांत मुलींची निदान संख्या असे. आम्हीही संख्याच दिली. या स्मरणिकांच्या कामात आमचाही हात होता. तेव्हा हा ठपका प्रथम आम्ही स्वतःवरच ठेवतो.

त्या ओळीमागे काय दडलेले आहे, हे पाहण्यासाठी आम्ही ओळखीच्या काही वृद्ध भगिनींकडे चौकशी केली. एकीने सांगितले, ती लोकल बोर्डाच्या शाळेत चौथीपर्यंत गेली. सासरी आल्यावर सासऱ्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि मळ्यातल्या मजुरीचा हिशेब पुढे चाळीस वर्षे तिच्याच हातात राहिला. दुसरी सातवीची फायनल उत्तीर्ण झाली, शिक्षिका झाली, आणि १९६२ साली जिल्हा परिषद आल्यावर त्या शाळांत निवृत्तीपर्यंत राहिली. तिच्या हाताखालच्या मुलींच्या मुली आज डॉक्टर आहेत. तिसरीने पाचवीनंतर शाळा सोडली, कारण पुढची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नसे. "भाऊ पोहत जायचा," असे ती म्हणाली आणि गप्प राहिली. आम्हांलाही त्यावर काही बोलता आले नाही. या तिघींपैकी एकीचेही नाव कोणत्याही स्मरणिकेत तिच्या शिक्षणासह छापलेले नाही.

१९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील हजार स्त्रियांत साक्षर अशा सहाच होत्या. १९५१ मध्ये शंभरात नऊही नव्हत्या. २०११ मध्ये शंभरात पासष्ट झाल्या. या आकड्यांतील चढ ज्या मुलींनी चढला, त्यांतील पुष्कळ आपल्या घरांतच आहेत, आणि आता त्या ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नावात आईचे नाव आवश्यक केले आहे. सरकारी कागद बदलला. समाजाच्या कागदानेही आता बदलावयास हवे.

म्हणून समस्त वाचकांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या आजीजवळ, आत्याजवळ, आईजवळ एक संध्याकाळ बसावे आणि पुढील गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात : माहेरचे पूर्ण नाव, गाव, शाळा, किती इयत्ता शिकली, शाळा का सुटली, शिकलेले पुढे कोठे उपयोगी पडले. मजकूर एक पानभर असला तरी चालेल. भाषा घरचीच असू द्यावी. शाळेचा दाखला किंवा जुनी वही सापडली तर ती जपून ठेवावी, रद्दीत घालू नये. आणि येत्या स्मरणिकेसाठी कुटुंब-परिचय धाडताना 'कन्या तीन' असे न लिहिता तिघींची नावे व त्यांचे शिक्षण लिहावे. सावित्रीबाईंच्या शाळेतील मुलींचे पुढे काय झाले, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. आपल्या घरातील मुलींचे काय झाले, हे सांगणाऱ्या अद्याप हयात आहेत. त्यांना विचारण्यास आता उशीर करू नये.