दीर्घिकांचें वय : बिआट्रिस टिन्स्ले यांचें कार्य

इतिहासाच्या अभ्यासकाला पहिला धडा शिकावा लागतो तो असा कीं, साक्षीदार काय सांगतो हें ऐकण्यापूर्वीं तो कोण, केव्हांचा आणि कोणत्या अवस्थेंत बोलत आहे ह्याची चौकशी करावी. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं बखरींपेक्षां अस्सल पत्रांवर इतका भर दिला तो ह्याच कारणासाठीं. प्रसंग होऊन गेल्यावर शंभर वर्षांनीं लिहिलेली बखर आणि प्रसंगाच्याच दिवशीं लिहिलेलें पत्र ह्यांचें मोल एक नव्हे, हें मराठी वाचकाला आज नव्यानें सांगावयास नको. परंतु हाच धडा आकाशाचें मापन करणाऱ्या शास्त्रज्ञांनाहि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिकावा लागला. आणि तो शिकविणाऱ्यांत अग्रभागीं एक तरुण स्त्री होती. तिचें नांव बिआट्रिस टिन्स्ले. अवघें चाळीस वर्षांचें आयुष्य लाभलेल्या ह्या विदुषीची हकीकत सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम विषयाची थोडी पूर्वपीठिका पाहूं. रात्रीं आकाशांत जो दुधट पट्टा दिसतो, ज्याला आपण आकाशगंगा म्हणतों, तो अब्जावधि ताऱ्यांचा एक समूह असून आपला सूर्य त्यांतलाच एक सामान्य तारा आहे. असे समूह आणखीहि आहेत कीं काय, ह्याविषयीं १९२० च्या सुमारास मोठा वाद होता. १९२३ सालीं एडविन हबल ह्यांनीं माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीनें देवयानींतील तेजोमेघांत एक रूपविकारी तारा शोधून काढला आणि त्यावरून त्या मेघाचें अंतर ठरविलें. तो मेघ आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळच बाहेरचा, म्हणजे स्वतंत्र तारकासमूह निघाला. अशा समूहांस शास्त्रीय परिभाषेंत दीर्घिका म्हणतात. पुढें १९२९ सालीं हबल ह्यांनीं असें दाखविलें कीं, जी दीर्घिका जितकी दूर तितक्या अधिक वेगानें ती आपल्यापासून दूर जात आहे. विश्व प्रसरण पावत आहे, ही कल्पना अशा रीतीनें निरीक्षणाच्या आधारावर उभी राहिली.

मग साहजिकच पुढचा प्रश्न आला. हें प्रसरण असेंच चालणार, कीं गुरुत्वाकर्षणानें मंदावत मंदावत एके दिवशीं थांबून विश्व पुनः आकसूं लागणार? १९४८ सालीं पालोमार पर्वतावर दोनशें इंची दुर्बीण उभी राहिली आणि १९५३ सालीं हबल निवर्तल्यावर त्यांचे सहायक ॲलन सँडेज ह्यांनीं हा प्रश्न हातीं घेतला. त्यांची युक्ति मोठी सरळ होती. एकाच शक्तीचे दिवे लांबच लांब रस्त्यावर ओळीनें लावलेले असतील, तर कोणता दिवा किती मंद दिसतो ह्यावरून तो किती दूर आहे हें सांगतां येतें. दीर्घिकांच्या मोठमोठ्या समुदायांत जी सर्वांत तेजस्वी लंबवर्तुळाकृति दीर्घिका असते, तिचें अंगचें तेज बहुतेक सर्वत्र सारखें आढळतें. तोच आपला दिवा समजावा, अतिदूरच्या दीर्घिकांचीं अंतरें त्यावरून काढावीं, आणि प्रसरणाची गति पूर्वीं किती होती व आज किती आहे हें ताडून पाहावें. १९७० सालीं लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखांत सँडेज ह्यांनीं साऱ्या विश्वविज्ञानाला दोन आंकड्यांचा शोध म्हटलें होतें : एक प्रसरणाचा आजचा वेग, आणि दुसरा तो वेग मंदावण्याचें मान.

ह्या युक्तींत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. दूरची दीर्घिका आपण पाहतों ती आजची नव्हे. तिचा प्रकाश निघाला त्यास कोट्यवधि वर्षें होऊन गेलेलीं असतात. म्हणजे दिवा एकाच जातीचा असला, तरी जवळचा दिवा आपण म्हातारपणीं पाहतों आणि दूरचा त्याच्या तारुण्यांत. दोहोंचें तेज सारखेंच, असें कशावरून?

बिआट्रिस हिल हिचा जन्म २७ जानेवारी १९४१ रोजीं इंग्लंडांतील चेस्टर येथें झाला. महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, हें कुटुंब न्यूझीलंडला गेलें. वडील धर्मोपदेशक होते. पुढें ते न्यू प्लिमथ ह्या गांवाचे नगराध्यक्षहि झाले. मुलगी व्हायोलिन उत्तम वाजवीत असे आणि गणितांत तिची गति विलक्षण होती. क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठांत तिनें पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला आणि वरच्या वर्गांत पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण केली. १९६१ सालीं सहाध्यायी ब्रायन टिन्स्ले ह्यांच्याशीं तिचा विवाह झाला. पतीची नेमणूक विद्यापीठांत झाल्यामुळें त्याच संस्थेंत पत्नीस जागा मिळण्याचा मार्ग मात्र बंद झाला. १९६३ सालीं पतीस अमेरिकेंत टेक्सस प्रांतीं डॅलस येथें काम मिळालें आणि दोघें तिकडे गेलीं.

डॅलसमध्यें बाईंना करण्यासारखें काम नव्हतें. म्हणून त्यांनीं सुमारे दोनशें मैलांवरील ऑस्टिन येथील विद्यापीठांत नांव घातलें आणि डॅलस ते ऑस्टिन अशा खेपा घालीत अभ्यास केला. १९६६ ची अखेर होण्यापूर्वीं प्रबंध पुरा झाला. त्याच वर्षीं त्यांनीं एक मूल दत्तक घेतलें होतें; दुसरें १९६८ सालीं घेतलें.

प्रबंधाचा विषय दीर्घिकांची उत्क्रांति आणि विश्वविज्ञानाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व हा होता. एकेका ताऱ्याचें जीवन कसें चालतें ह्याचें ज्ञान तोंवर बरेंच पक्कें झालें होतें. सूर्यासारखा तारा सुमारे एक हजार कोटी वर्षें तेवत राहतो. त्याच्या दसपट वजनाचा तारा निळसर आणि अत्यंत तेजस्वी असतो, परंतु उधळ्या वारसाप्रमाणें दोन-तीन कोटी वर्षांतच आपली पुंजी संपवितो. लहान तारे तांबूस, मंद आणि दीर्घायुषी. मरतांना तारे आपलें बरेंचसें द्रव्य पुनः वायूच्या रूपानें बाहेर टाकतात. त्यांत त्यांच्या पोटांत शिजलेलीं कार्बन, प्राणवायु, लोह इत्यादि द्रव्यें असतात, आणि त्या वायूंतून पुढच्या पिढीचे तारे जन्मतात.

टिन्स्लेबाईंनीं हें सारें ज्ञान एका ठिकाणीं आणून गणकयंत्राला काम सांगितलें. आरंभीं दीर्घिका म्हणजे केवळ वायूचा सांठा, असें समजावें. त्यांतून अमुक गतीनें तारे बनतात, त्यांत लहानमोठ्यांचें प्रमाण अमुक, असें धरावें. मग एकेका कालखंडानें पुढें जात किती तारे जन्मले, किती मेले, किती वायु उरला, त्यांत जड द्रव्यें किती मिसळलीं, आणि जिवंत ताऱ्यांचा प्रकाश एकत्र केला असतां दीर्घिकेचा रंग व तेज काय दिसेल, ह्याचा जमाखर्च मांडावा. शेवटची बाकी आज प्रत्यक्ष दिसणाऱ्या दीर्घिकांशीं जुळली तर गृहीत गोष्टी बऱ्या, नाहींतर बदलाव्या. १९६८ सालीं हें काम निबंधरूपानें प्रसिद्ध झालें. पूर्वीं ह्या विषयाचे तुकडे अनेकांनीं हाताळले होते. परंतु रंग, तेज, वायु आणि जड द्रव्यें ह्या चारहि गोष्टींचा हिशेब एकाच वहींत मांडण्याचें श्रेय ह्या तरुण गृहिणीचें आहे.

ह्या हिशेबाचा निष्कर्ष सँडेज ह्यांच्या युक्तीला अडचणींत आणणारा होता. लंबवर्तुळाकृति दीर्घिकांत नवे तारे फारसे बनत नाहींत. जुने तेवढे विझत जातात. म्हणून अशी दीर्घिका पूर्वीं आजच्यापेक्षां बरीच तेजस्वी असली पाहिजे. जो दिवा मुळांतच अधिक प्रखर आहे त्याला आपण साधा समजलों, तर तो आहे त्यापेक्षां जवळ वाटेल, आणि त्या चुकीमुळें विश्वाचें प्रसरण आहे त्यापेक्षां अधिक मंदावत आहे असा भास होईल. अशा बदलाचा विचार सँडेज ह्यांच्या मनांत आला नव्हता असें नव्हे. परंतु ती दुरुस्ती लहान आहे असें त्यांचें मत होतें. बाईंचें म्हणणें असें कीं, ती दुरुस्ती एवढी मोठी आहे कीं ‘विश्व एके दिवशीं आकसेल’ हा निर्णय तिनें उलटूं शकतो. त्या काळच्या सर्वांत मोठ्या निरीक्षकाविरुद्ध, स्थायी जागा नसलेल्या एका संशोधिकेनें हें प्रतिपादन वर्षानुवर्षें नेटानें चालविलें. आज ह्या मुद्द्यावर दुमत उरलेलें नाहीं. पुढें तर असेंहि दिसून आलें कीं, अशा मोठ्या दीर्घिका शेजारच्या लहान दीर्घिका गिळून वाढतहि जातात. दिव्याचें तेज एकीकडून घटतें आणि दुसरीकडून वाढतें; तेव्हां त्यावरून विश्वाचें भवितव्य ठरविण्याचा बेत शेवटीं सोडूनच द्यावा लागला.

१९७४ सालीं गॉट, गन आणि श्रॅम ह्या तिघांसह टिन्स्लेबाईंनीं एक निबंध लिहिला. विश्वांतील द्रव्याची घनता, जड हायड्रोजनचें प्रमाण, ताऱ्यांचीं वयें असे निरनिराळे पुरावे एकत्र करून त्यांनीं दाखविलें कीं, प्रसरण थांबविण्यास लागणारें द्रव्य विश्वांत नाहीं. तें निरंतर चालणार. त्याच वर्षीं बाईंना अमेरिकन खगोल परिषदेचें ॲनी कॅनन पारितोषिक मिळालें. तरीहि डॅलसमध्यें त्यांना योग्य अशी स्थायी जागा मिळेना. शेवटीं त्याच वर्षीं विवाह मोडला, मुलें वडिलांकडे राहिलीं, आणि १९७५ सालीं बाई येल विद्यापीठांत साहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या.

ह्या निर्णयाविषयीं वाचकांत मतभेद होतील, आणि ते व्हावेत. मुलांपासून दूर होणें ही गोष्ट लहान नव्हे, आणि ती त्यांना लहान वाटली असें मानण्यास कांहींहि आधार नाहीं. परंतु न्याय करतांना एवढें ध्यानांत ठेवावें कीं, असा प्रसंग त्यांच्या पतीवर किंवा सँडेज ह्यांच्यावर आला नव्हता. पुरुषाला विद्या आणि घर हीं दोन्ही एकाच गांवीं मिळत; ह्या स्त्रीला मात्र दोहोंपैकीं एक निवडण्यास सांगण्यांत आलें. मी आयुष्याचीं तीस वर्षें महाविद्यालयांत शिकविण्यांत घालविलीं. परीक्षेंत पहिल्या आलेल्या किती मुली पुढें कोठें गेल्या ह्याचा हिशेब करावयास बसलों, म्हणजे टेक्ससला दोष देण्यास जीभ रेटत नाहीं.

येलमधील वर्षें थोडीं, पण भरगच्च होतीं. १९७५ सालींच गन आणि टिन्स्ले ह्यांनीं एका निबंधांत असें सुचविलें कीं, उपलब्ध पुराव्यावरून विश्वाचें प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगानें चालत असावें. पुरावा अपुरा आहे, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. १९७७ सालीं रिचर्ड लार्सन ह्यांच्यासह त्यांनीं येल येथें दीर्घिकांच्या उत्क्रांतीवर परिषद भरविली. हा विषय स्वतंत्र शाखा म्हणून पुढें आला तो मुख्यतः तेथून. पुढच्याच वर्षीं ह्या दोघांनीं विचित्र आकाराच्या दीर्घिकांचे रंग तपासून दाखविलें कीं, दोन दीर्घिका एकमेकींजवळून जातांना त्यांत थोड्या काळापुरती तारानिर्मितीची लाट उसळते. १९७८ सालीं बाई येलमध्यें खगोलशास्त्राच्या पूर्ण प्राध्यापक झाल्या. तो मान तेथें मिळविणारी ही पहिलीच स्त्री. आणि त्याच वर्षीं त्यांना त्वचेचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें.

पुढचीं तीन वर्षें उपचार, विद्यार्थी आणि लेखन ह्यांत गेलीं. रोग मेंदूपर्यंत पोंचल्यावर उजवा हात चालेना. तेव्हां त्या डाव्या हातानें लिहावयास शिकल्या. शेवटचा निबंध त्यांनीं मृत्यूपूर्वीं दहा दिवस पाठविला. २३ मार्च १९८१ रोजीं त्यांचें निधन झालें. प्रबंधापासून धरलें तर चौदा वर्षें. तेवढ्यांत सुमारे शंभर निबंध.

त्यांच्या साऱ्याच निर्णयांवर काळानें शिक्कामोर्तब केलें असें म्हणतां येणार नाहीं, आणि तसें म्हणण्याची गरजहि नाहीं. विश्वाचें प्रसरण वाढत्या वेगानें होत आहे, हें १९९८ सालीं दोन संशोधकगटांनीं प्रसिद्ध केलें, तें दीर्घिकांवरून नव्हे, तर अतिदीप्त नवताऱ्यांवरून. त्याबद्दल २०११ चें नोबेल पारितोषिक दिलें गेलें. १९७५ चा निबंध म्हणजे भविष्यवाणी नव्हती. परंतु दिवा बदलल्यावांचून गत्यंतर नाहीं हें ज्यांनीं पटवून दिलें, त्यांत टिन्स्लेबाई आघाडीवर होत्या. जमाखर्चाची त्यांची पद्धति तर आजहि चालू आहे. २०२१ च्या डिसेंबरांत आकाशांत सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीनें विश्वाच्या बालपणच्या ज्या दीर्घिका पाहिल्या, त्यांत तारे किती आणि कोणत्या वयाचे हें त्यांच्या रंगावरून ठरविण्याची रीत ह्याच पद्धतीची वाढ आहे. आपल्या पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें ज्या तीस प्रचंड रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत, त्यांच्या साहाय्यानें सुमारे आठशें कोटी वर्षांपूर्वींच्या दीर्घिकांतील हायड्रोजन वायूचें सरासरी मान मोजल्याचें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. तारे ज्या गतीनें बनत होते त्या गतीनें तो सांठा शेंदोनशें कोटी वर्षांतच संपावा, असें त्यांत आढळलें. दीर्घिकेचा वायु किती उरला आणि किती दिवस पुरेल, हा प्रश्न १९६८ च्या त्या निबंधांतलाच आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण भागांतील एका पर्वतशिखरास २०१० सालीं टिन्स्लेबाईंचें नांव देण्यांत आलें. बिआट्रिसचें बालपण ज्या देशांत गेलें, आणि जेथें शिकूनहि तिला जागा मिळाली नाहीं, त्या देशानें इतक्या उशिरां कां होईना, तिची आठवण केली, हें योग्यच झालें.