मूत्रकुपीचे पुनरागमन
१/४ मध्ययुगीन युरोपात काचेची मूत्रकुपी हे वैद्याचे ओळखचिन्हच होते. रंग आणि गाळ पाहून तो सर्व रोग सांगे. पुढे ही विद्या भोंदूगिरी म्हणून हिणवली गेली.

२/४ १९९४ साली अमेरिकेत प्रोस्टेट कर्करोग शोधण्यासाठी पीएसए रक्तचाचणीस मान्यता मिळाली. परंतु ग्रंथीच्या साध्या वाढीतही पीएसए चढते. परिणामी कर्करोग नसलेल्या अनेकांना बायोप्सीची सुई सोसावी लागली.

३/४ १९९९ मध्ये पीसीए३ या जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या पेशींत ते कित्येक पटींनी सक्रिय असते. ग्रंथी बोटाने दाबल्यावर या पेशी मूत्रात उतरतात.

४/४ २०१२ साली या मूत्रचाचणीस अमेरिकेत मान्यता मिळाली. तीही आधीच्या बायोप्सीत कर्करोग न आढळलेल्यांना पुन्हा सुई टोचावी का, एवढेच ठरवण्यासाठी. मूत्रकुपी परतली, पण आपली मर्यादा ओळखून.