मागणीपत्राची पूर्वतयारी (गोदाम व माथाडी कामगार)

वेतन, कामाचे तास, रजा, सुरक्षा यांविषयीच्या मागण्या एकत्र मांडून कामगार संघटना मालकाला जो लेखी मसुदा देते, त्यास मागणीपत्र म्हणतात. चालू कराराची मुदत संपत आली की त्यावर वाटाघाटी होतात, आणि वाटाघाटींतून करार करण्याच्या या प्रक्रियेला सामुदायिक सौदा अशी संज्ञा आहे.

भिवंडी तालुक्यात मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली परिसरात मुंबईच्या जकात हद्दीबाहेरची जागा म्हणून गोदामे उभी राहिली, आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा करामुळे जकात गेल्यानंतरही ती वाढतच राहिली. अशा गोदामांत सगळे कामगार एकाच मालकाच्या हजेरीपटावर असतातच असे नाही: ट्रक भरणारे-उतरवणारे माथाडी मुकादमाच्या टोळीत नगावर किंवा वजनावर काम करतात, तर माल निवडून बांधणारे पुष्कळदा ठेकेदाराकडे असतात. त्यामुळे मागणी कोणाकडे करायची, हेच तयारीत प्रथम ठरवावे लागते.

माथाडींपुरते त्याचे उत्तर माथाडी नेते अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून आलेल्या 1969 च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने दिले. त्यानुसार मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ टोळ्यांची नोंदणी करते, मजुरी मंडळामार्फत दिली जाते आणि तिच्यावर मालकाकडून लेव्ही, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा आदींसाठीची ठरावीक टक्केवारी, घेतली जाते. साहजिकच दरवाढीच्या मागणीत लेव्हीचा हिशेबही धरावा लागतो.

तयारीचा खरा भार सभासदांवरच असतो. प्रत्येक टोळीने आपल्या पाळीत किती नग उतरले, थप्पी किती उंच लावावी लागली, गाडीची वाट पाहण्यात किती वेळ गेला, कोणाला इजा झाली, याची नोंद ठेवली आणि पगारपावत्या जपल्या, तर मागणीला आधार मिळतो. नुसती महागाई सांगून दर वाढत नाही. ही माहिती द्वारसभेत, म्हणजे कामाच्या दारावरील सभेत, वाचून दाखवून कोणती मागणी आधी लावून धरायची हे सभासदांकडून ठरवून घेणे सर्वांत मोलाचे, कारण ज्या मागण्या पुढाऱ्याने परस्पर लिहिल्या, त्यांच्यासाठी शेवटपर्यंत कोणी उभे राहत नाही.

सभासदत्वाचा पुरावा म्हणून वर्गणीच्या पावत्याही जपाव्या लागतात, आणि त्यांचे महत्त्व कायद्यानेच वाढवले आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्यानुसार 50 किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमात मान्यता, म्हणजे कामगारांच्या वतीने वाटाघाटी करण्याचा अधिकार, हवा असेल, तर अर्जापूर्वीचे सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असावे लागतात, कार्यकारिणीची बैठक दर तीन महिन्यांच्या आत भरवावी लागते आणि ठराव इतिवृत्तात नोंदवावे लागतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक संघटना असल्यास, हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल, तर किमान 20 टक्के पाठिंब्याच्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते.

मान्यता नसण्याची किंमत मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोजली. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. परंतु 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रातिनिधिक संघाचा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिल्याने, बहुसंख्य कामगार ज्यांच्या मागे होते त्यांच्याशी करार झालाच नाही. 1971 च्या कायद्यात तर मान्यताप्राप्त संघटनेलाही संपाची नोटीस देण्यापूर्वी सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा लागतो, आणि त्यानंतर 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते.