यंत्राची निद्रा आणि कारभाराची सूत्रे

माजरीच्या परिसरात जमिनीतून निघणारा कोळसा वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत जातो, आणि अशाच विजेवर आपल्या टेबलावरचा संगणक चालतो. तेव्हा रिकामा पडून राहिलेला संगणक जी वीज खातो, तिचा हिशेब अखेर खाणीच्या तोंडाशीच येऊन ठेपतो. ही उधळपट्टी आवरण्याचा अधिकार यंत्रात कोणाकडे असावा, या वादाला तीसेक वर्षांचा इतिहास आहे.

१९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाची पद्धत आणली. तीत यंत्राला निजविण्याचा व उठविण्याचा कारभार बायॉसकडे, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये भरून दिलेल्या प्रोग्रामकडे होता. ऑपरेटिंग सिस्टीम नावाची धनीण खरी. पण सातारच्या गादीची पुण्यापुढे जी स्थिती होती, तीच तिची! बॅटरी उतरल्याची वार्ता हवी असेल, तर तिने दर सेकंदाला आपणहून विचारीत बसावयाचे. शिवाय बायॉस तिला न कळविता मधूनच प्रोसेसरचा ताबा घेई, तो निराळाच.

डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबाही त्या दोघांना मिळाली आणि एसीपीआयचा मसुदा प्रसिद्ध झाला. सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे आली. परंतु सत्ता हाती घेण्यालाही एक क्रम असतो. कर्नल प्रथम ठरलेल्या पोर्टवर ठरलेला आकडा लिहितो. तेव्हापासून वर्दी त्याच्याकडे यावयाची. प्रत्येक घटनेसाठी दोन बिट असतात: एक ‘घडले’ असे सांगणारा, दुसरा ‘कळवावे की नाही’ हे ठरविणारा. कर्नल आधी कळविणे सरसकट बंद करतो, मग मागच्या राजवटीतील शिल्लक नोंदी पुसतो, मग वर्दी ऐकणारा हँडलर नेमतो, आणि शेवटी हव्या तेवढ्याच घटना खुल्या करतो. झोपलेल्या यंत्राला केवळ जागे करण्यापुरत्या ज्या घटना आहेत, त्या झोपण्याच्या वेळीच उघडावयाच्या.

हा क्रम म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. नोंद पुसली जाईपर्यंत वर्दीची तार ताणलेलीच राहते. एखादी जुनी नोंद राहून गेली आणि तिला कोणी वाली नसला, तर तीच वर्दी सेकंदाला हजारो वेळा वाजते, प्रोसेसरला विसावा मिळत नाही, आणि वीज वाचविण्यासाठी केलेली योजनाच वीज खात सुटते.

या रीतीवर मालकी सांगण्याचा मोह झाला नाही असे नाही. जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात, लिनक्सला आयता लाभ होणार नाही अशा रीतीने एसीपीआय विंडोजशी बांधता येईल काय, असा विचार मांडला होता. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या खटल्यात ते पत्र उजेडात आले. घडले मात्र उलटे. इंटेलने स्वतःचा कोड खुला केला आणि लिनक्सने तो घेतला. २०१३ साली मसुद्याची जबाबदारीही यूईएफआय फोरमकडे गेली.

तरीही संगणक बनविणारे कारखानदार आपली कोष्टके बहुधा विंडोजवरच पारखून पाहतात. त्यामुळे ‘तू विंडोज आहेस काय?’ असे यंत्राने विचारले की लिनक्सचा कर्नल आजही मुकाट्याने ‘होय’ म्हणतो.