गोधडीचें अस्तर

आपल्याकडील वस्त्रांचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे पैठणी, महेश्वरी, शालू हीं नांवें प्रथम ओठांवर येतात. जें पेटींत जपून ठेविलें गेलें, त्याचा इतिहास लिहिला गेला. ज्या गोधडीवर घरोघरचीं माणसें लहानाचीं मोठीं झालीं, तिच्याकडे मात्र इतिहासकाराची दृष्टि क्वचितच वळली. आणि तिच्या खालच्या बाजूकडे तर नाहींच. आज त्या खालच्या बाजूविषयीं, म्हणजे अस्तराविषयीं, चार शब्द सांगावयाचे आहेत. श्रोतेहो, गोधडीची वरची बाजू घराची हौस सांगते. अस्तर घराची ऐपत सांगतें.

गोधडी म्हणा कीं वाकळ म्हणा, रचना एकच. वर एक पदर, खालीं एक पदर आणि मध्यें धडुत्यांचे थर. वरचा पदर लहानमोठ्या तुकड्यांचा चालतो. किंबहुना तींच तिची शोभा. अस्तराचें तसें नाहीं. जमिनीची ओल, शेणानें सारवलेल्या भुईचें घासणें आणि हजारों टाक्यांची ओढ हें सारें त्याला सोसावयाचें असतें. म्हणून घरांतील सर्वांत सलग वस्त्र त्याच्या वांट्याला येई, आणि तें म्हणजे नऊवारी लुगडें. हिशेब पाहा. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक पावणेसात फुटांचा. सुमारें ४५ इंच पन्ह्याचे दोन तुकडे शेजारीं जोडले कीं दोघांना पुरेल असें अस्तर झालें. उरलेल्या दोन तुकड्यांत वरचा पदरहि निघाला.

परंतु हा हिशेब धड लुगड्याचा झाला, आणि धड लुगडें गोधडीला कोण देणार? लुगडें आधीं सणावारीं, मग रोजच्या वापरांत, आणि मध्यें विरलें कीं तेवढा भाग काढून, दोन्ही टोकें जोडून, दंड घालून पुन्हा अंगावर, असा त्याचा प्रवास असे. तें अस्तराला येई तें उतारवयांतच. तेव्हां त्यांतील दम ओळखणें हीच खरी विद्या होती. कापड उजेडाकडे धरून विरलेला भाग हेरावयाचा व तो मधल्या थरांत टाकावयाचा. इरकली लुगड्याचा रेशमी पदर वेगळा करावयाचा, कारण सोड्याची धुलाई रेशमाला मानवत नाहीं. जाड काठ मधल्या शिवणींत आला तर सुई अडते. म्हणून तो बाहेरच्या कडेला घ्यावयाचा. तुकडा कात्रीनें न कापतां धाग्याच्या ओळीनें फाडावयाचा, म्हणजे तो तिरका जात नाहीं. मग धुऊन, वाळवून, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून तें जमिनीवर ताणून पसरावयाचें. येथें एक सुरकुती राहिली तर ती जन्मभर पाठीला टोंचावयाची.

जाड्याभरड्या सुती वस्त्राची ही चिवट जात आपल्याकडे जुनी आहे. दासोपंतांनीं (१५५१–१६१५) अंबाजोगाई येथें आपलें ‘पंचीकरण’ पासोडीवर, म्हणजे पांघरण्याच्या जाड वस्त्रावर, लिहिलें, हें प्रसिद्ध आहे. कागदापेक्षां पांघरुणावर विश्वास ठेवावा, असें तें कापड होतें.

पुढें काळ पालटला. १८५४ मध्यें कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडाच्या गिरणीचा पाया घातला. १८७७ मध्यें नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचा मांजरपाट वारावर मिळूं लागला आणि ज्यांना परवडे त्यांच्या गोधडीस कोरें अस्तर आलें. त्याबरोबर एक नवा धडा शिकावा लागला. कोऱ्या कापडांत खळ असते आणि तें पहिल्या पाण्यांत आटतें. जुनें लुगडें आटावयाचें तेवढें आधींच आटलेलें असतें. कोरें कापड रात्रभर भिजवून, खळ काढून, वाळवून न घेतां लाविलें, तर पहिल्याच धुण्यांत अस्तर आंखडतें आणि वरच्या पदराला चुण्या पडतात. नव्याला जुन्याच्या पंक्तीला बसवावयाचें तर आधीं त्याची ऐट उतरवावी लागते!

मग महायुद्धांत कापड महाग व दुर्मिळ झालें, आणि १९४३ मध्यें सरकारनें सूत व कापड यांवर नियंत्रण आणिलें. कोरें कापड मिळेना. जुनें लुगडें अंगावरून उतरेना. लुगड्याला जेवढे दंड अधिक, तेवढी गोधडी लांबणीवर. टंचाईचा अर्थ बाजारभावाच्या कोष्टकापेक्षां येथें अधिक स्पष्ट दिसतो.

त्यानंतरच्या दोन बदलांनीं अस्तराचा हा व्यवहारच मोडला. नऊवारी जाऊन पांचवारी व सहावारी पातळ आलें. सहा वारांत १८ फूट. त्यांतून एक बाजू होते, दुसरीला दुसरें पातळ लागतें. पुढें नायलॉन व पॉलिएस्टर आलें. तें विरत नाहीं, हें खरें. पण तें घाम टिपीत नाहीं, टाक्याखालीं सरकतें, आणि वर्षानुवर्षांच्या धुण्यानें सुताला येणारा मऊपणा त्याला कधींच येत नाहीं. आजीच्या लुगड्याचें दुपटें तान्ह्या बाळाला घालीत, तें केवळ मायेपोटीं नव्हे. त्याहून मऊ कापड घरांत दुसरें नसे.

हें सारें ज्ञान स्त्रियांच्या हातांत होतें. त्याला मजुरी नव्हती, म्हणून त्याची कोणत्याहि जमाखर्चांत नोंद नाहीं. आतां गोधड्या प्रदर्शनांत भिंतीवर टांगल्या जातात, आणि अस्तर भिंतीकडे राहतें. आपल्या घरीं ट्रंकेच्या तळाशीं एखादी जुनी गोधडी असेल, तर टाकण्यापूर्वीं ती उलटी करून पाहा. काठ कोणता, दंड किती, जोड कोठें, तें लुगडें कोणाचें, हें सांगणारें माणूस घरांत अजून असेल तर विचारून लिहून ठेवा. त्या माणसामागें तें अस्तर मुकें होईल.